मोठ्यांना घराबाहेर कसं काढायचं

नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी कादंबरी लिहायला घेतली की पहिली अडचण येते ती आई-बाबांची. बागेतल्या पंपाच्या खोलीत कुणीतरी लपलंय असं दिसलं, तर शहाणं मूल आधी घरी सांगणार, बाबा फोन लावणार आणि दुसऱ्या प्रकरणात कादंबरी संपणार. मग लेखक मुलाला अनाथ करतो, नाहीतर मामाच्या गावाला धाडतो. दोन्ही वाटा आता पार गुळगुळीत झाल्यात.

नाशिक जिल्ह्यात त्यांची गरजही नाही, कारण इथे हंगामच मोठ्यांना घराबाहेर काढतो. निफाड-दिंडोरीकडे ऑक्टोबरात द्राक्षबागांची छाटणी होते. मग फवारण्या, डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं), थिनिंग (घडातले जादा मणी कापून काढणं). ढगाळ हवा आली की डावणी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने बाप उजाडायच्या आत ट्रॅक्टर-ब्लोअर घेऊन बागेत, आणि डिसेंबरात आई दिवसभर मांडवाखाली, हातात थिनिंगची टोकदार कात्री. घरी दहा वर्षांची मुलगी, धाकटा भाऊ आणि आजी. आई हाकेच्या अंतरावर आहे, पण तिचे हात घडात गुंतलेत. हाक मारायची की नाही, हे आता मुलीला ठरवायचंय. गोष्ट सुरू होते ती तिथे. आईला मारून टाकण्यापेक्षा हे कितीतरी खरं आणि ताणाचंही, कारण आई कधीही घरी येऊ शकते.

हंगाम घेतला तर तो काटेकोर पाळावा लागतो. दिवाळीच्या सुट्टीत मुलं पिकलेली द्राक्षं तोडून खातात असं लिहिलं, की निफाडचं पोर पुस्तक मिटून ठेवतं. तेव्हा बाग नुकती फुटलेली असते. काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे वार्षिक परीक्षा तोंडावर आल्यावर. बागलाणातली अर्ली, म्हणजे लवकर छाटणीची बाग असेल तर महिने वेगळे, पण मग गावही बागलाणातलंच हवं.

नाशिक शहरातल्या गोष्टीला पावसाळा आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाघाटावरचे विक्रेते सामान वर हलवतात. क्युसेकचा आकडा दहा वर्षांच्या मुलाला काही सांगत नाही; रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी, हे मात्र लगेच दिसतं. प्रकरणांचा चढही याच मापाने बांधता येतो. गफलत होते ती मुलांना सरळ काठावर उभं करण्यात. पुरात तिथे बंदोबस्त असतो. दुकानाचं सामान वाहायला आजोबांनी सोबत नेलं, असं काहीतरी काम मुलांच्या हाताला द्यावं लागतं.

इतकं करून शेवटी इन्स्पेक्टर नाहीतर सर येऊन गुंता सोडवणार असतील, तर सगळी मेहनत पाण्यात. सुटका मुलांच्याच हातून व्हायला हवी, आणि ज्या वस्तूने ती होते ती तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात सहज दिसून गेलेली हवी. ड्रिपचा कुठला व्हॉल्व्ह फिरवला की बागेच्या कुठल्या भागात पाणी जातं, हे मुलीला बाबांच्या मागे फिरून माहीत असतं. चोराला माहीत नसतं. एवढं पुरतं.

बोलीबद्दल माझं मत ठाम आहे. निफाडची आजी ‘व्हतं’, ‘न्हाई’ म्हणते हे खरं. पण संवादभर तसंच छापलं तर मूल प्रत्येक ओळीत अडखळतं, कारण ते शब्द त्याने ऐकलेले असतात, छापलेले पाहिलेले नसतात. शब्द बोलीतले घ्यावेत, ‘वावर’, ‘कालवण’, ‘येरवाळी’, आणि क्रियापदं प्रमाण ठेवावीत. आजीचा आवाज तेवढ्यानेही येतो. जोडाक्षरांना घाबरायचं कारण नाही, फक्त एका वाक्यात तीन-तीन नकोत.

आकाराचा हिशोब साधा आहे. १२ प्रकरणं, प्रत्येकी १,५०० शब्द, एकूण १८,००० शब्द. डेमी आकारात १४ पॉइंटचा टाइप घेतला तर पानाला २२५ शब्द, म्हणजे ८० पानं. चित्रांची १० आणि सुरुवातीची ६ धरली की ९६, म्हणजे १६ पानांचे (एका वेळी एकत्र छापले जाणारे) बरोबर ६ फॉर्म. दोन पानं जरी वाढली तरी छपाईचं गणित पुढच्या फॉर्मवर जातं, म्हणून काटछाट चित्रकाराकडे जाण्याआधीच उरकावी.

प्रकरण १,५०० शब्दांचं ठेवण्याचं आणखी एक कारण: मोठ्याने वाचायला ते तेरा-चौदा मिनिटं घेतं, आणि ३५ मिनिटांच्या तासात मुलांशी बोलायला वेळ उरतो. कच्चा खर्डा पाच-सहा मुलांना असा वाचून दाखवावाच. “आवडलं का?” हे विचारू नये, समोर लेखक बसलेला असताना मुलं हो म्हणतात. “आता पुढे काय होईल?” एवढंच विचारावं आणि उत्तरं कागदावर लिहून घ्यावीत. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं आणि ते बरोबर निघालं, तर पुढचं प्रकरण बदलावं. कुणालाच काही सांगता आलं नाही, तर आधीचं.