पडदा कोणी लावला?

मी आर्किटेक्ट आहे, पण इमारतीचा ताबा देऊन झाला की सहसा तिकडे फिरकत नाही. फोटो काढून झालेले असतात, बिलं मिटलेली असतात, आणि खरं सांगायचं तर जरा भीतीच वाटते. पण मी केलेल्या पहिल्यावहिल्या वाचनालयात तीन वर्षांनी जावंच लागलं, कारण गच्ची गळत होती. गळती किरकोळ निघाली. धक्का आत बसला. पश्चिमेच्या ज्या काचेच्या भिंतीवर मी सगळ्यात जास्त रात्री जागवल्या होत्या, ती जुन्या चादरींनी झाकलेली होती. चादरींच्या मागे पुठ्ठे. वर, जिथे पुठ्ठा पुरला नव्हता, तिथे कुणीतरी काचेला चुना फासला होता. चांगला दोन हात. आणि दुपारी चार वाजता आत ट्यूबलाइट जळत होत्या.

"ऊन येतं हो," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून, "पण बाहेरचं दिसायचं छान."

मी छज्जा दिला होता, 2 फुटी. काच 8 फूट उंच. सूर्य उतरून क्षितिजापासून 30 अंशांवर आला आणि समोरून तापायला लागला, की 2 फुटी छज्ज्याची सावली काचेवर सव्वा फूटसुद्धा खाली येत नाही. उरलेलं सगळं ऊन थेट टेबलावर. छज्जा डोक्यावरचं ऊन अडवतो. उतरत्या उन्हाला उभ्या पट्ट्या लागतात, खोल पडवी लागते, झाड लागतं, नाहीतर मुळात खिडकीच लहान लागते. हे मला तेव्हा येत नव्हतं असं नाही. याच विषयात मला चांगले मार्क होते! पण त्या जागेवर मी दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा सकाळी दहाला. सकाळी दहाला ती पश्चिम फार सुंदर दिसते.

त्या इमारतीचा वर्णनपर मजकूर मीच लिहिला होता आणि त्यात 'पर्यावरणपूरक' हा शब्द चार वेळा आला होता. मोजलाय.

तेव्हापासून जागा निदान तीनदा बघायची, असं ठरवून टाकलंय: सकाळी, उन्हं कलल्यावर, आणि पावसात. पावसातली भेट सगळ्यांना नकोशी असते. सर्व्हेअर येत नाही, ग्राहक म्हणतो चिखल आहे, थांबा. पण पाणी काय करतं ते कोरड्या दिवशी दिसत नाही. नंतर एका उतारावर बालवाडी आणि सभेची खोली असं छोटं काम आलं. कंटूरच्या, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशानुसार पाणी डाव्या अंगाने निघून जायला हवं होतं. प्रत्यक्षात वरच्या शेजाऱ्याने मधल्या काळात कुंपणाची भिंत घातलेली, त्यामुळे सगळा लोंढा मधोमध, आम्ही जिथे जोतं धरलं होतं तिथूनच. छत्री धरून अर्धा तास उभी राहिले, तेवढ्यात जोतं दीड फूट वर गेलं आणि वरच्या बाजूला एक चर आला. त्या अर्ध्या तासाने जेवढं वाचवलं तेवढं पुढच्या कुठल्याच वॉटरप्रूफिंगने वाचवलं नसतं.

याच कामात मी पहिल्यांदा ड्रॉइंग पक्कं व्हायच्या आधी लाइनआउट दिलं, म्हणजे भिंतींच्या रेषा पांढऱ्या फक्कीने जमिनीवर आखून घेतल्या. मिस्त्री चक्रावले. "मॅडम, अजून मंजुरी नाही, फक्की कशाला वाया घालवता?" पण नकाशा बघून "हो हो, छान आहे" म्हणणारी माणसं जमिनीवरच्या पांढऱ्या रेषांमध्ये उभी राहिली की वेगळंच बोलतात. एक बाई कडेवर मूल घेऊन दारातून आत आल्या, म्हणजे दोन रेषांच्या मधून, आणि थबकल्या. "इथे ओट्याशी उभं राहिलं तर मुलं दिसणार नाहीत." ओटा फिरवला. पंधरा मिनिटांचं काम, रबर आणि पेन्सिल. भिंत उभी राहिल्यावर तेच वाक्य आलं असतं तर मी बहुतेक वाद घातला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर फक्की सगळीकडे शाबूत, फक्त सभेच्या खोलीच्या एका कोपऱ्यात दोन-अडीच हात पुसलेली. मला वाटलं पोरांचा खेळ. मिस्त्रींनी परत ओढली. तिसऱ्या दिवशी तिथेच पुसलेली. मग बघत बसले. वरच्या वस्तीतली माणसं खालच्या रस्त्याला तिरकी तिथूनच उतरत होती, एकामागोमाग एक, खाली न बघता. सर्व्हेत ही पायवाट नव्हती, कारण सर्व्हेत भिंती येतात, झाडं येतात, विजेचा खांब येतो. पाय येत नाहीत. शेवटी बालवाडी आणि सभेची खोली अलग केली, वाट मधून जाऊ दिली आणि वर एकच छप्पर नेलं. त्या छपराखाली आज जेवढी माणसं बसतात तेवढी सभेच्या खोलीत सभेच्या दिवशीही नसतात.

इतकं जमलं म्हणून सगळंच जमलं असं नाही. भिंती मातीच्या विटांच्या, त्यावर मातीचाच गिलावा, असं माझ्या मनात होतं. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सुमारे 8 टक्के आहे. भट्टी तापवायला इंधन लागतं ते तर आहेच, पण चुनखडी भाजताना दगडातूनच तो वायू सुटतो, त्यामुळे नुसतं इंधन बदलून भागत नाही. हे मी बैठकीत अगदी तळमळीने सांगितलं. मागे बसलेले एक काका म्हणाले, "मातीच्या घरातून बाहेर पडायला आम्हाला दोन पिढ्या लागल्या. तुम्ही परत तिथेच नेताय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

त्या रात्री मला इजिप्तचे आर्किटेक्ट हसन फाथी आठवले. 1940 च्या दशकात त्यांनी तिथे लक्सरजवळ न्यू गुर्ना हे नवं गाव वसवायला घेतलं, जुन्या गुर्नातल्या लोकांसाठी. मातीच्या विटा, घुमट, सेंटरिंगशिवाय, म्हणजे खालून तात्पुरता आधार न देता कमान उभी करणारे दक्षिणेकडचे न्युबियन गवंडी. हवेचा, उन्हाचा विचार आजही शिकण्यासारखा. पण ज्यांना तिथे हलवायचं होतं त्यांना जायचंच नव्हतं, कारण त्यांचं पोट जुन्या गावाशी, तिथल्या प्राचीन थडग्यांवर होणाऱ्या कमाईशी बांधलेलं. गाव अर्धवट राहिलं. याच्या उलट आर्किटेक्ट डिएबेदो फ्रान्सिस केरे. पश्चिम आफ्रिकेत बुर्किना फासोमधल्या गांदो या स्वतःच्या गावात त्यांनी 2001 मध्ये शाळा बांधली तीही मातीचीच, पण थोडं सिमेंट घालून, आणि पत्रा भिंतींपासून वर उचलून, म्हणजे गरम हवा मधून निघून जाते आणि पावसाचं पाणी भिंतीला लागत नाही. बांधायला अख्खं गाव होतं. तिथल्या वाचनालयाच्या छतासाठी मातीची मडकी कापून स्लॅबमध्ये बसवलीत. त्या भोकांतून उजेड उतरतो, उष्ण हवा वर जाते. केरे त्याच गावचे होते हा मुद्दा मी सोडून देऊ शकत नाही. मी नव्हते.

आमच्याकडे तडजोड झाली: विटा मातीच्या, खाली तीन फूट सिमेंटचा गिलावा, वर चुन्याचा. माझ्या मते दिसायला थोडं विचित्र दिसतं. काकांना आवडलं.

त्या वाचनालयाचं मग काय केलं? काच काढून जाळी बांधायचा प्रस्ताव मी फुकटात काढून दिला, पण पैसे मिळाले नाहीत. शेवटी पुस्तकांची कपाटंच काचेला पाठ लावून ओळीने उभी केली. एकाच ठिकाणी दोन कपाटांमध्ये हातभर फट उरली होती. ती बुजवायला मी पट्टी मापत होते, तर बाई म्हणाल्या, राहू द्या. उन्हं येईपर्यंत तिथे पोरं पालथी पडून बाहेर बघत असतात.