काडेपेट्या, डब्या आणि दहापट भिंग: संग्रहाची सहामाही नोंद

यंदा संग्रहातल्या वस्तूंचा आकडा वाढवायचा नाही असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. तो वाढला नाही, पण त्यात माझ्या शिस्तीचा काही वाटा नाही. हाती एक दहापट भिंग आलं आणि निम्मा संग्रह नजरेतून उतरला.

आतापर्यंत मी चित्र बघून वस्तू उचलायचे. वाघ झकास आहे, घे. अक्षराला झोक आहे, घे. भिंगाखाली चित्र विरघळतं आणि उरते ती नुसती छपाई. हल्लीच्या बहुतेक वेष्टनांवर निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल बसलेले दिसतात. माझ्याकडच्या जुन्या काडेपेट्यांच्या लेबलांवर मात्र लाल म्हणजे सलग लाल. त्या रंगाची वेगळी शाई, वेगळा ठसा. दोन-तीन शायांतच सगळा संसार उरकायचा, म्हणून तो चित्रकार कसा काटकसरीने वागलाय ते बघत बसावं.

एक कोंबड्याचं लेबल माझ्याकडे दोनदा आहे. शाया तीनच: पिवळी, लाल, निळी. शेपूट हिरवी दिसते, पण हिरवी शाई कुठेच नाही. पिवळ्यावर निळा चढवलाय. एका प्रतीत रंगजुळणी अगदी काटेकोर आहे. दुसरीत निळा ठसा केसभर उजवीकडे सरकलाय, त्यामुळे शेपटीच्या डाव्या कडेला पिवळी रेघ उघडी पडलीय आणि उजवीकडे निळी किनार बाहेर आलीय. कोंबडा आत्ताच पंख झाडून उभा राहिलाय असं वाटतं. बिनचूक प्रत अदलाबदलीच्या पाकिटात गेली. चुकलेली ठेवली.

आता कबुली. एक लेबल पेटीवरून सोडवायला कोमट पाण्यात घातलं आणि पाच मिनिटांत पाणी गुलाबी झालं. लाल शाई कच्ची निघाली. तेव्हापासून आधी ओल्या कापसाचं टोक कोपऱ्याला टेकवून बघते. कापसाला रंग लागला, तर त्या लेबलला पाणी दाखवायचं नाही. खरं तर धड असलेली पेटी मी आता सोलतच नाही. नुसती लेबलं जमवणाऱ्यांना हे पटणार नाही, पण पेटीची रचना तिच्या बाजूंसकट आहे. सुरक्षित काडीची (सेफ्टी मॅचची) मेख अशी की फॉस्फरस काडीच्या गुलात नसतो, पेटीच्या पट्टीत असतो. स्वीडनमध्ये गुस्ताफ एरिक पाश यांनी १८४४ मध्ये याचं पेटंट घेतलं. त्या तपकिरी पट्टीने बाजू अडवल्या आणि चित्रकाराच्या वाट्याला उरलं ते वरचं-खालचं अंगण. पट्टी फेकून अंगण तेवढं ठेवायचं, हे मला जमत नाही.

पत्र्याच्या डब्यांत भर एकच, ग्रामोफोनच्या सुयांची चिमुकली डबी. दगडी ठशावरून थेट पत्र्यावर छापलं तर शाई नीट उतरत नाही. म्हणून रॉबर्ट बार्कले यांनी १८७५ मध्ये ठसा आधी मधल्या रुळावर आणि तिथून पत्र्यावर घेण्याची युक्ती काढली. म्हणजे आपण ज्याला ऑफसेट म्हणतो ते आधी पत्र्यासाठी आलं, कागदाचा नंबर विसाव्या शतकात लागला. डबी आधी सपाट पत्र्यावर छापतात, मग दाबून आकार देतात. माझ्या डबीच्या झाकणावरची गोल चौकट वळणावर एका अंगाला जाड झालीय, ती यामुळेच. आधी मी तिला छपाईची चूक समजत होते.

याच सुमारास 'पन्नासच्या दशकातला' म्हणून एक डबा चालून आला. उलटा केला तर तळाशी बारकोड! दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो २६ जून १९७४ ला. डबा सुरेख होता, हे मान्य, पण नुसता जुन्याची नक्कल. परत केला. उलट, बारकोड नाही म्हणून वस्तू जुनी, असं मात्र धरू नका.

साठवणीचं थोडक्यात: पीव्हीसीचे कप्पे सगळे काढून टाकले. त्यातलं मऊ करणारं रसायन बाहेर येतं आणि शाई प्लास्टिकला चिकटते. माझी दोन लेबलं उलटी उमटली. आता पॉलिएस्टरचे कप्पे, आणि वह्या आडव्या.

सध्या टेबलावर दाढीच्या ब्लेडच्या सतरा पुड्या पडल्यात. जिलेटच्या पुडीवर खुद्द कंपनीचे संस्थापक किंग जिलेट यांचा मिशीवाला चेहरा आणि सही असायची. दाढीचं पातं विकणाऱ्याने मिशी राखावी ही गंमत वेगळीच. काही पुड्यांत पाती अजून आहेत आणि गंजाचा डाग कागदावर उतरायला लागलाय. पुडीची घडी न मोडता पातं काढायची रीत कुणाला साधली असेल तर सांगा. तोवर जाड हातमोजे आणि चिमटा.