टीम लंच आणि कोरियन टेबल

टीम लंच कुठे करायचं हा प्रश्न ग्रुपवर आला की मी आता डोळे झाकून एकच उत्तर देते, मागच्या गल्लीतलं कोरियन. छोटं आहे, दुपारी गर्दी असते, कधीकधी थांबावं लागतं, तरी तिथेच. चव तर आहेच, त्यावर येतेच, पण माझं खरं कारण आहे बांचान. म्हणजे ऑर्डर दिली रे दिली की मेन जेवण यायच्या आधीच टेबलाच्या मधोमध छोट्या छोट्या वाट्या मांडल्या जातात, किमची म्हणजे मिठात आंबवलेली भाजी, तिळाचं तेल लावलेले मोड आलेले सोयाबीन, उकडून लसूण लावलेला पालक, सोया सॉसमध्ये गोडसर शिजवलेला बटाटा, आणि त्या कुणा एकाच्या नसतात, सगळ्यांच्या असतात. संपल्या की परत मागायच्या, त्याचे वेगळे पैसे सहसा लागत नाहीत, कोरियात तर हे गृहीतच धरलेलं असतं.

आता याचा परिणाम काय होतो बघा. एरवी लंचला गेलो की ज्याची त्याची प्लेट, ज्याचा त्याचा फोन, आणि गप्पा फिरून फिरून डेडलाइनवर. इथे वाट्या मध्ये असल्यामुळे हात मध्ये जातात, मग ते जरा इकडे सरकव ना, हे खाऊन बघ, हे कशाचं आहे, असं आपोआप सुरू होतं. आमच्याकडे नवीन जॉइन झालेला एक मुलगा आहे, मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, पण त्या दिवशी त्याचं सुंदुबू जिगे, म्हणजे टोफूचा दाट रस्सा आला, काळ्या मातीच्या भांड्यात रटरट उकळत, लालभडक, त्यात मऊसूत टोफू, आणि सोबत एक कच्चं अंडं. त्याने ते भांड्याच्या कडेवर फोडून आत सोडलं आणि आम्ही सगळे बोलणं थांबवून बघत बसलो, कडेकडेने पांढरं कसं धरत जातं ते. मग तोच सांगायला लागला, लगेच ढवळू नका, पिवळं मऊ राहू दे. एवढं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदा ऐकलं.

मी स्वतः बहुतेक वेळा दोलसोत बिबिमबाप घेते. तापवलेल्या दगडी भांड्यात भात, वर वेगवेगळ्या भाज्या रंगवार लावलेल्या, मधे अंडं, आणि गोचुजांग, म्हणजे मिरची, चिकट तांदूळ आणि सोयाबीन आंबवून केलेली ती घट्ट पेस्ट. यात सगळी मजा थांबण्यात आहे. भांडं आलं की तळाला भाताचा चर्र आवाज येत असतो, तो येऊ द्यायचा, खालचा थर खरपूस झाला की मग चमच्याने तळापासून उचलून मिसळायचं. आणि हो, चमचाच, कोरियन लोक भात आणि सूप चमच्यानेच खातात, त्यामुळे चॉपस्टिक जमत नाही म्हणून कुणी अवघडून बसायचं काही कारण नाही. त्यांच्या चॉपस्टिक धातूच्या, चपट्या आणि निसरड्या असतात, सवय व्हायला वेळ लागतोच.

किमचीबद्दल थोडं लिहायलाच हवं कारण ती माझी फार आवडती. आज आपल्याला ती लाल आणि तिखटच माहितीये, पण मिरची मूळची अमेरिका खंडातली, कोरियात ती पोचली १६व्या शतकाच्या शेवटाच्या सुमारास, त्याआधीही तिथे भाज्या मिठात आंबवत होतेच, फक्त त्या लाल नव्हत्या. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे किमजांग, थंडी पडायच्या आधी घरचे, शेजारचे सगळे एकत्र बसून हिवाळाभर पुरेल एवढी किमची करतात आणि वाटून घेतात. दक्षिण कोरियाची ही परंपरा २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. जो पदार्थ मुळात दहा हातांनी मिळून होतो तो मध्ये ठेवून खाण्यातच शोभतो असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र नीट सांगते. टीममध्ये कुणी मासे-मटण खात नसेल तर आधी विचारा, आणि ते त्या माणसावर सोडू नका, तुम्ही विचारा. किमचीत बऱ्याचदा फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते, आणि साध्या दिसणाऱ्या सूपचा रस्सासुद्धा सुक्या माशांचा निघू शकतो. आमच्या दोघीजणी शाकाहारी आहेत, तिथल्या काकू आता ओळखतात, आम्ही बसलो की त्या दोघींच्या बाजूला वेगळी वाटी येते आणि ती कुठली हे काकू बोट दाखवून सांगतात. सगळ्यांच्या मधल्या वाट्यांमधलं काहीच जर एखादीला खाता येत नसेल तर मग त्या टेबलाला काय अर्थ राहिला!

जाणार असाल तर चार-पाच जण जा, प्रत्येकाने आपापलं मागवण्यापेक्षा एक जिगे, एक बिबिमबाप, एक पाजॉन, म्हणजे कांद्याच्या पातीचं धिरडं, असं मागवा आणि मध्ये ठेवा. पुढच्या वेळी आमचं टेबलावरच भाजायचं सामग्योपसाल, म्हणजे डुकराच्या पोटाकडचं मांस, ठरलंय, पानात गुंडाळून एका घासात खायचं ते, शाकाहारी मैत्रिणींसाठी मशरूम आणि टोफू वेगळ्या तव्यावर भाजून देणार आहेत, काकूंशी बोलून ठेवलंय. त्याला वेळ लागतो म्हणून दुपारची मीटिंग तासभर पुढे ढकललीये, आणि चक्क कुणीच कुरकुर केली नाही.