आमची वाटचाल: फाशांचा मनोरा

आमची सुरुवात भांडणातून झाली. मुलाचा वीस बाजूंचा फासा दर वेळी धाकटीच्या सोंगट्या तरी पाडायचा, नाहीतर घरंगळत जाऊन कपाटाला टेकून तिरका उभा राहायचा. मग ते दान धरायचं की नाही, यावर अर्धा तास वाद. शेवटी नवऱ्याने फाशांच्या मनोऱ्याचं एक चित्र शोधून काढलं. वरून फासे सोडायचे, आतल्या उतारांवर आपटत ते खालच्या तबकात येतात. "एवढं तर घरीच होईल," असं मी म्हणाले. ते वाक्य मला अजून ऐकवलं जातं.

पहिला मनोरा दुसऱ्याच्या लेझर मशीनवर, तासाच्या भाड्याने कापला. प्लायवर 3 मिमी लिहिलं होतं, म्हणून तुकडे एकमेकांत बसवायच्या खाचा 3 मिमीच्या काढल्या. प्लाय निघाला 2.8 चा. शिवाय किरण जिथून जातो तिथलं 0.15 ते 0.2 मिमी लाकूड जळूनच जातं, म्हणजे खाच रुंदावते आणि तीत बसणारा दात बारीक होतो. जोडलेला मनोरा हात लावला की डुलायचा. माझे सासरे आयुष्यभर सुतारकाम केलेले. त्यांनी तो उचलला, हलवला आणि म्हणाले, "अगं, हे सुतारकाम नव्हे, सरपण आहे."

पुढच्या खेपेला मी शहाणपणाने खाचा घट्ट केल्या. तेव्हा प्लाय 3.1 चा आला. हातोडीने ठोकताना नक्षीच्या दोन जाळ्या तुटल्या. तिथून सासरे या धंद्यात आले ते आलेच. आता प्रत्येक शीट ते व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीने, चारही कोपऱ्यांवर मोजतात, मी तो आकडा ड्रॉइंगमध्ये टाकते आणि सगळ्या खाचा त्याप्रमाणे बदलतात. आधी कंगव्यासारखा एक लहान तुकडा कापून बघतो. तो अंगठ्याच्या दाबाने बसला, तरच शीट मशीनवर चढते. यंत्राबद्दलची त्यांची अढी मात्र वेगळ्याच कारणाने गेली. अशा मशीनमध्ये असतो तो कार्बन डायऑक्साइड लेझर 1964 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत कुमार पटेल यांनी शोधला, आणि ते जन्माने बारामतीचे, इंजिनिअर झाले पुण्यात, असं नातीने त्यांना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून मशीनवर धूळ दिसली की आम्हाला बोलणी बसू लागली.

तोवर जुनं, लहान मशीन आम्हीच घेतलं होतं. लाकूड पेटू न देणारी हवेची नळी एकदा निसटली आणि कापताकापता ज्योत उठली. मी समोर उभी होते म्हणून तुकड्यावरच निभावलं. तेव्हापासून मशीन चालू असताना कोणीही खोली सोडत नाही, चहाला सुद्धा नाही.

आतली रचना मुलाची. तीन उतार, एकाआड एक उलट दिशेला. पहिल्या रचनेत वीस बाजूंचा फासा मध्येच अडकायचा. आता आमच्या सर्वांत मोठ्या फाशाच्या दीडपट वाट ठेवतो. आत नमदा, म्हणजे जाड लोकरी कापड, लावायचा की नाही, यावर घरात दोन पक्ष आहेत. सासऱ्यांना उघड्या लाकडाचा खडखडाट आवडतो, मला आवडत नाही. गिऱ्हाइकाला विचारून लावतो. मनोऱ्याने नशीब सुधारतं का, असंही लोक विचारतात. नाही. फासाच वाकडा असेल तर मनोरा त्याला सरळ करत नाही, फक्त टाकणाऱ्याच्या हाताची चलाखी थांबते.

सजावट धाकटीकडे. जर्मनीत फ्रोइट्झहाइमजवळ चौथ्या शतकातला एक रोमन मनोरा सापडला आहे. त्यावर जाळीतच अक्षरं कोरली आहेत: पिक्ट (ब्रिटनच्या उत्तरेकडची जमात) हरले, शत्रू संपला, निर्धास्त खेळा. तिला तेच हवं होतं, पण मराठीत. रोमन अक्षरं कापली की सुटी होतात, आपला शब्द मात्र शिरोरेषेला लटकून अख्खा निघतो, म्हणून आम्ही खुशीत होतो. 'निर्धास्त' कापला आणि तबकात दोन तुकडे पडले. 'ध'च्या डोक्यावर शिरोरेषा तुटते, हे शाळेत मार खाऊन शिकलेलं आम्ही सगळेच विसरलो होतो! तिने 'ध'ला एक बारीकसा पूल जोडला. तो दोन मिलिमीटरपेक्षा कमी ठेवला तेव्हा पॉलिश पेपर लावतानाच मोडला, मग जाड केला.

अनुस्वाराचं दुखणं तसंच आहे. टिंब कशालाच चिकटलेलं नसतं, ते मशीनच्या जाळीतून खाली जातं आणि राखेत सापडत नाही. नावात अनुस्वार असलेली ऑर्डर आली की धाकटी चार टिंबं जास्त कापून घेते आणि चिमट्याने गोंद लावून बसवते. धुराचे डाग पडू नयेत म्हणून लावलेली कागदी टेप नक्षीच्या जाळीतून सोलायचं काम कोणालाच नको असतं. ते कोणी करायचं हे फाशांवर ठरतं, आणि त्यासाठी तो पहिला डुलणारा मनोराच वापरतात. सासऱ्यांच्या मते तो डुलतो म्हणून दान त्यांच्यावर येतं.