खुंटीवरची माळ

वारीत नीरेचं स्नान झालं, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण झालं, फलटण मागं पडलं आणि मला वारच आठवेना. मोबाईल दोन दिवस बंद. माझी संधिवाताची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच, रविवारी घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. तिघींना वार विचारला. एक म्हणाली शनिवार, एक म्हणाली सोमवार. तिसरी म्हणाली, "माउली, एकादशीला किती दिवस राहिले ते विचारा."

मला राग आला. तेव्हा सगळ्याचाच येत होता. पहाटे तासभर बोटं वळत नाहीत, काकड्याला टाळ धरवत नाही. ऊन चढलं की बोटं सुटतात, पण तोवर पायांना सूज येऊन चप्पल काचायला लागते.

बरडहून नातेपुत्याच्या वाटेवर, धर्मपुरीच्या अलीकडे, उजव्या टाचेचा फोड टचटचीत फुगला. पाऊल टेकवेना. बाभळीखाली बसले. दिंडी पुढं निघून गेली आणि मला रडू फुटलं.

दुसऱ्या कुठल्या दिंडीतल्या एक मावशी डोक्यावरची तुळस उतरवून शेजारी बसल्या. "पाय इकडं कर बाय." बटव्यातून सुईदोरा काढला. मी पाय मागं घेतला. म्हटलं, माझ्या औषधानं प्रतिकारशक्ती कमी होते, जखम चिघळेल. त्यांनी काडी ओढून सुई तापवली. "आता?" डॉक्टर रागावतील हे ठाऊक असूनही मी पाय त्यांच्या मांडीवर दिला. तेलात भिजवलेला दोरा त्यांनी फोडातून आरपार ओवला आणि दोन्ही टोकं बाहेर ठेवून कापला. पाणी थेंबाथेंबानं उतरायला लागलं.

पिशवीतून माळ बाहेर आली होती. "माळ हाय, मग गळ्यात का न्हाई?"

"बाबांची आहे," म्हटलं, आणि पुढचं आपोआप येत गेलं. बाबा माळकरी होते. प्यायला निघाले की माळ उतरवून स्वयंपाकघराच्या दाराशी खुंटीला अडकवायचे. खुंटी रिकामी असली की आम्ही निवांत जेवायचो. माळ दिसली की मी धाकट्या भावाला घेऊन शेजारी झोपायला जायचे. शेवटी लिव्हर गेलं, त्यातच बाबा गेले.

व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या बैठका असतात, तिथं मी वर्षभर बसलेय. जो तो आपलं पहिलं नाव सांगतो, आपली गोष्ट सांगतो, कुणी मध्ये बोलत नाही. माझी पाळी आली की नाव सांगून मी थांबायचे. मावशी माझ्या तोंडाकडं बघत नव्हत्या, टाचेकडं बघत होत्या, म्हणूनच बोलता आलं असावं. सगळं ऐकून म्हणाल्या, "माजा थोरला बी दारूनंच गेला." मग त्यांनी त्याचं सांगितलं. ते त्यांचं आहे, इथं लिहीत नाही.

बोलल्यानं संधिवात जात नाही. दुसऱ्या पहाटे बोटं तितकीच आखडलेली होती. पण लहानपणापासून मी दाराकडं कान लावून झोपते, आणि तंबूला तर कडीही नसते. आळंदीपासून प्रत्येक चाहुलीला जाग येत होती. त्या रात्री मला थेट काकड्यालाच उठवावं लागलं.

माळशिरसला मोबाईल चार्ज झाला. सोमवार होता. डॉक्टरांना विचारून गोळी एक दिवस उशिरा घेतली. मावशी पुन्हा दिसल्या नाहीत. वेळापूर, भंडीशेगाव.

वाखरीहून आईला फोन केला. म्हटलं, खुंटीचं मी एकीला सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाली, "पहाटे ती माळ धुऊन त्यांच्या गळ्यात मीच घालायचे. तुला काय वाटलं, तेच घालायचे?"

पहिल्यांदाच ती सांगायला लागली होती. मागं हरिपाठ सुरू झाला, तशी मी जरा बाजूला गेले. एका हातात फोन धरवेना म्हणून दोन्ही हातांनी धरला.