आधी टक्के झाका

फेब्रुवारी उजाडला की कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांचं रूप पालटतं. काळ्या रेक्झिनच्या थप्प्या, सोनेरी अक्षरांचे नमुने, आणि काचेवर चिकटवलेला कागद: ‘ब्लॅकबुक बाइंडिंग. प्लॅग चेक. प्लॅग रिमूव्ह करून मिळेल.’ ‘प्लॅग’ म्हणजे प्लेजिअरिझम, वाङ्मयचौर्य. शेवटच्या ओळीचा दर बाइंडिंगपेक्षा जास्त असतो. मुंबई विद्यापीठाच्या पट्ट्यात शिकलेल्यांना ब्लॅकबुक सांगायला नको; इतरांसाठी, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प अहवाल. मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात टीवायला (पदवीच्या शेवटच्या वर्षाला) आणि एमएला अर्थशास्त्र शिकवते. ठाण्याहून नेरुळला जाताना बसायला मिळालं तर हे अहवाल गाडीतच वाचते.

‘प्लॅग रिमूव्ह’ म्हणजे नेमकं काय करता, असं एका दुकानातल्या मुलाला विचारलं. त्याने काही लपवलं नाही. दुसरीकडच्या मजकुराशी जुळली म्हणून सॉफ्टवेअरने रंगवलेली वाक्यं उचलायची, शब्द बदलून देणाऱ्या साइटवर टाकायची, बाहेर येईल ते परत चिकटवायचं. साम्याचे टक्के खाली येईपर्यंत तेच. वर म्हणाला, “वाचत बसायचं नसतं मॅडम त्यात.”

वाचत नाहीत हे दिसतंच. इंग्रजी ब्लॅकबुकात ‘मिनिमम सपोर्ट प्राइस’ची ‘लीस्ट हेल्प कॉस्ट’ झालेली असते. हसू येतं, पण हे फक्त आमच्या मुलांचं नाही. 2021 मध्ये गिओम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव या तिघा संशोधकांनी असे पिळवटलेले शब्दप्रयोग हुडकून विज्ञानाच्या नियतकालिकांतले संशयास्पद लेख उघडे पाडले. तिथे ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ झालं होतं. म्हणजे नेरुळचा झेरॉक्सवाला जे करतो तेच काही प्राध्यापकही करतात, फक्त त्यांचं बाइंडिंग भारी असतं.

हा धंदा चालतो कारण आपण मुलांच्या हातात आकडा ठेवला. “मॅडम, किती आले?” हा एकच प्रश्न. अठरा आले, दहाच्या आत पाहिजेत, मग आठ टक्क्यांची वजाबाकी करणारा माणूस शोधायचा. यात मुलांची चूक मला फारशी दिसत नाही. ज्याचे मार्क, त्याचीच चिंता.

म्हणून मी वर्गात आधी टक्के झाकते. मसुदा सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा, अहवाल आला की आकड्याचं पहिलं पान काढून ठेवायचं आणि उरलेल्याच्या रंगीत प्रिंट चौघांत एक अशा वाटायच्या. (रंगीत प्रिंटचा खर्च कोण देणार यावर आमच्याकडे स्वतंत्र निबंध होईल.) मग प्रत्येक रंगीत ओळीला विचारायचं: ही माहिती आहे, कुणाचं वाक्य आहे, की कुणाचं मत आहे?

हे विचारावं लागतं, कारण सॉफ्टवेअर ते विचारत नाही. ते मजकुराचे एकावर एक चढणारे छोटे तुकडे पाडतं, त्या तुकड्यांचे ठसे बनवतं आणि आपल्या साठ्यातल्या ठशांशी जुळवतं. 1998 मध्ये सुरू झालेलं टर्निटिन हे सॉफ्टवेअर घ्या. ते बनवणारेच सांगतात की आम्ही चोरी ओळखत नाही, साम्य दाखवतो. स्टेशनवरची मेटल डिटेक्टरची चौकट किल्ल्यांनाही वाजते, तसंच हे. पुढची झडती माणसानेच घ्यायची.

गेल्या वर्षी टीवायच्या बऱ्याच मुलांनी नवी मुंबईच्या जमिनी हा विषय घेतला होता. नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ म्हणजे सिडको. ‘सिडकोची स्थापना 17 मार्च 1970 रोजी झाली’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येकाच्या अहवालात रंगलेलं. मुलं घाबरली. आता तारीख वेगळ्या शब्दांत लिहायची कशी? एकाने खरोखरच ‘सत्तरच्या दशकाच्या पहिल्या वर्षीच्या मार्च महिन्यात’ असं करून आणलं. त्याला म्हटलं, अरे, तारीख कुणाच्या मालकीची नसते, ते वाक्य राहू दे. पण त्याखालची ओळ वाच. ‘मुंबईवरील लोकसंख्येचा भार कमी करण्याच्या उदात्त हेतूने शेतजमिनी संपादित करण्यात आल्या.’ हीसुद्धा रंगीत, त्याच छटेत. सॉफ्टवेअरच्या लेखी दोन्ही सारख्याच.

“इथे ‘उदात्त’ कोण म्हणतंय?” मी विचारलं.

वर्ग गप्प. मग मागून एक मुलगी बोलली. तिचं गाव उरणच्या बाजूचं, घरची जमीन प्रकल्पात गेलेली. म्हणाली, “आमच्या घरात असं कुणी म्हणत नाही, मॅडम.” आणि गंमत अशी की ते वाक्य तिच्याच ब्लॅकबुकातलं होतं. एका साइटवरून उचललेलं, घरात तीन पिढ्या जे बोललं जातं त्याच्या बरोबर उलट. मी तिला काही म्हटलं नाही, तिचं तिलाच दिसलं. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या त्या आंदोलनातूनच पुढे साडेबारा टक्क्यांची, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण ब्लॅकबुकात यातली एक ओळ नव्हती, कारण तिच्या मते ‘ते घरचं, प्रोजेक्टचं वेगळं’.

दुसऱ्या मसुद्यात तिने ‘उदात्त’ ठेवला, पण अवतरणात, कुठून घेतला ते सांगून. खाली आजोबांचं म्हणणं लिहिलं. साम्याचा आकडा जवळपास तेवढाच राहिला असेल. मी बघितला नाही. अवतरण दिलं म्हणून साम्य नाहीसं होत नाही, ते वगळायचं का हे सेटिंगमध्ये आपण ठरवायचं असतं.

याच्या उलटही होतं. दोन मुलांच्या अहवालातला एक अख्खा परिच्छेद शब्दाला शब्द जुळला. एकमेकांचं बघून लिहिलं, असा सरळ निष्कर्ष कुणीही काढला असता. समोरासमोर बसवलं तेव्हा कळलं की दोघांनी एकाच म्हाताऱ्या गृहस्थांची मुलाखत घेतली होती आणि ते गृहस्थ आपली हकीकत गेली कित्येक वर्षं त्याच शब्दांत, त्याच जागी थांबून सांगतात. दोघांनी प्रामाणिकपणे रेकॉर्डिंग उतरवलं होतं. मग तो तास मुलाखतीचा संदर्भ कसा द्यायचा यावर गेला: कोण बोललं, कुठे, कोणत्या तारखेला, नाव छापायला त्यांची परवानगी आहे का. क्रमिक पुस्तकातल्या त्या प्रकरणाला एरवी सगळे जांभया देतात.

आता त्या दहा टक्क्यांबद्दल. स्टाफरूममध्ये ‘यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) नियम आहे’ असं ठामपणे सांगितलं जातं. नियम आहे, 2018 चा. दहा टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. चाळीसच्या वर साठपर्यंत असेल तर वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही. साठच्या पुढे प्रबंध लिहिणाऱ्याची नोंदणीच रद्द. पण हा नियम प्रबंध, शोधनिबंध, पुस्तकं यांच्यासाठी. ‘स्क्रिप्ट’ म्हणजे काय याची जी व्याख्या त्याच नियमावलीत दिली आहे, तिच्यात असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट, उत्तरपत्रिका स्पष्टपणे वगळल्या आहेत. म्हणजे टीवायच्या पोराच्या ब्लॅकबुकाला लावलेला दहाचा आकडा त्या नियमातून येत नाही. आणि सर्वज्ञात गोष्टींत सलग चौदा शब्दांपर्यंतचं साम्य मोजायचं नाही, हेही तिथेच आहे. सिडकोची ती तारीख चौदा शब्दांत आरामात बसते.

त्याच कागदात आणखी एक कलम आहे: श्रेय कसं द्यायचं याचं शिक्षण संस्थेने विद्यार्थ्यांना द्यावं, दर सत्रात त्यासाठी कार्यक्रम घ्यावेत. ते कलम कुणी भिंतीवर लावत नाही. टक्क्यांचा तक्ता मात्र लॅमिनेट करून लावलेला मी पाहिला आहे.

मराठीत लिहिणाऱ्या मुलांची कथा तर निराळीच. ज्यांचं टायपिंग बाहेर होतं, त्यांच्या फाइली अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये येतात. पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते. सॉफ्टवेअर ती खिचडी वाचतं, तिच्यासारखं जगात काही सापडत नाही, आणि पानंच्या पानं उतरवलेल्या अहवालाला दोन टक्के मिळतात. युनिकोड असलं तरी ज्या छापील पुस्तकातून उतरवलं ते साठ्यात नसेल तर निकाल तोच. तिथे जुना उपाय चालतो. ‘प्रस्तुत प्रकरणात आपण पाहणार आहोत’ असं वाक्य वीस वर्षांचं पोर लिहीत नाही. आमच्या ग्रंथालयातल्या बाई दोन ओळी ऐकून पुस्तकाचं कपाट सांगतात.

आयटीच्या सहकाऱ्याला मात्र माझी दया येते. त्यांच्याकडे प्रोग्रॅममधलं साम्य शोधणारं मॉस आहे, अ‍ॅलेक्स एकेन या संगणकशास्त्रज्ञांनी 1994 मध्ये केलेलं. व्हेरिएबलची नावं बदलली तरी त्याला सापडतं. माझ्याकडे विषय शब्दांचाच, त्यामुळे शब्द बदलले की तपासणी आंधळी होते. आणि एआयकडून लिहून घेतलं तर साम्य असं फारसं निघतच नाही. टर्निटिनने एप्रिल 2023 मध्ये त्यासाठी वेगळी तपासणी सुरू केली, पण तिच्या आकड्यावर एखाद्या मुलाला दोषी ठरवायला मी तयार नाही. मी त्याला समोर बसवते आणि त्याच्याच अहवालातलं एक वाक्य वाचून विचारते, हे तुला कुठे कळलं? ज्याने लिहिलंय तो लगेच भांडायला लागतो.

करून बघणार असाल तर दोन गोष्टी. कच्चा मसुदा डिसेंबरातच मागवा. फेब्रुवारीत रंगीत ओळींवर बोलायला कुणालाच वेळ नसतो, ना त्यांना ना तुम्हाला. आणि मसुदा टाकताना तो साठ्यात जतन न करण्याचा पर्याय निवडा. नाहीतर तोच अहवाल पुढे दुसऱ्या खात्यातून तपासायला टाकला की स्वतःच्याच मसुद्याशी जुळतो, आकडा शंभराजवळ जातो, आणि पोर पुन्हा त्या झेरॉक्सच्या दुकानात.