तुम्ही विचारलंत म्हणून: "मग सुटली कुठे?"

गणपतीत हॉलच्या बाहेर, दिवाळीच्या फराळाला, व्हॉट्सॲप कॉलवर, गेल्या आठवड्यात तर कामावरच्या कँटीनमध्ये. प्रश्न तोच. "सिगरेट सोडली म्हणतोस, मग हातात हे काय? सुटली कुठे?" सात वर्षं मी याला एका ओळीत उत्तर देतोय, ती ओळ कुणाला पटत नाही, आणि हल्ली म्हणताना माझ्याही घशात अडकते, म्हणून एकदा सगळं लिहितो.

सिगरेट सुटली. जानेवारी २०१९ मध्ये. मधले नऊ दिवस सोडून. निकोटिन सुटलं नाही, ते मी व्हेपमधून, म्हणजे ई-सिगरेटच्या यंत्रातून, रोज घेतो आणि लपवत नाही. तुम्हाला या दोन गोष्टी एकच वाटतात, मला वाटत नाहीत, कारण बावीस वर्षं मी दिवसाला पंधरा-सोळा ओढत होतो आणि जिना चढताना माझ्या छातीचं काय व्हायचं ते मला माहितीये. सिगरेटमध्ये माणसाला मारतो तो जळणारा तंबाखू, त्याचं टार, त्याचा कार्बन मोनॉक्साइड. निकोटिन बांधून ठेवतं. ते बांधलेपण माझं अजून आहे, पण जळणं थांबलं, आणि ते माझ्यासाठी छोटं नाही.

इथे इंग्लंडात, लेस्टरमध्ये, सिगरेट सोडवायची सेवा आहे. बाकी ठिकाणी व्हेपबद्दल चालढकल चालू होती तेव्हा, २०१४ मध्येच, यांनी व्हेपवाल्यांना आत घेतलं होतं. तिथल्या बाईंनी पहिल्या दिवशी एका छोट्या यंत्रात फुंकायला लावलं. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड २२. तीन आठवड्यांनी परत फुंकलं, २. तो आकडा मी बघत बसलो होतो, बाई पुढचं काहीतरी सांगत होत्या ते कानात गेलंच नाही. "सुटली कुठे" विचारणाऱ्या प्रत्येकाला मला ते २२ आणि २ दाखवावंसं वाटतं.

पण खरं सांगायचं तर त्याआधी मी एकदा आपटलो होतो, तेही व्हेपवरच. दुकानदाराने मोठं, वाफेचे ढग काढणारं डबडं गळ्यात मारलं, त्यातलं लिक्विड दर मिलीलिटरला ३ मिलीग्रॅम निकोटिनचं, म्हणजे पंधरा सिगरेटवाल्याला काहीच नाही. खोकून खोकून जीव जायचा आणि तलफ तशीच, त्यामुळे वर सिगरेटही चालूच. मग त्या बाईंनी साधं पेनसारखं यंत्र घ्यायला लावलं, सिगरेटसारखा आधी तोंडात आणि मग छातीत झुरका घ्यायचा, १८ मिलीग्रॅम, लिक्विड पातळ, अर्धं पीजी (प्रॉपिलीन ग्लायकॉल) अर्धं व्हीजी (ग्लिसरीन). इथे २० च्या वर विकायला परवानगीच नाही. पटलं. पण चौथ्या दिवशी कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी तार, बदलली आणि पहिलाच झुरका असा करपट आला की घशात कुणी निखारा टाकल्यासारखं झालं. जळलेल्या कापसाची चव दोन तास जिभेवरून जाईना. मी ते यंत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून पाकीट घेऊन आलो.

इथे आण्णांचं सांगायला पाहिजे. आण्णा म्हणजे माझे वडील, एस्टीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, आयुष्यभर बिडी, २०१५ मध्ये डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवला तेव्हा बंद केली, तोवर फुप्फुसं गेलेली. त्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर मी सहज त्यांना ते यंत्र दाखवलं. ते म्हणाले उघड. उघडलं. कॉइल कॅमेऱ्याजवळ धरायला लावली, चष्मा वर-खाली करून बघितलं, म्हणाले, "ह्यात तार हाय, तारंभवती कापूस हाय, कापूस तेल पितोय. मग ही वात झाली की. कंदिलात नवी वात घातल्यावर लगेच पेटवतोस व्हय? आधी भिजू दे तिला." आमच्याकडे लहानपणी लाइट गेल्यावर कंदील लागायचा, नवी वात रॉकेलमध्ये मुरल्याशिवाय आई काडी लावू द्यायची नाही, हे मला माहीत होतं आणि तरी डोक्यात आलं नव्हतं.

तेव्हापासून तसंच करतो. नवी कॉइल, कापसाच्या भोकांवर चार-पाच थेंब, मग लिक्विडचा टँक भरायचा, मधल्या नळीत लिक्विड जाऊ द्यायचं नाही, आणि दहा मिनिटं नुसतं टेबलावर ठेवायचं. कॉइलवर जेवढे वॅट लिहिलेत त्यात खालून सुरुवात. टँक तळाला जायच्या आधी भरायचा, एकामागोमाग एक झुरके ओढत सुटायचं नाही, कापसाला परत भिजायला वेळ लागतो. गुळगुळ आवाज आला तर कॉइल बुडलीय, ओढत बसू नका, टँक सोडवा, टिशूने पुसा, उलट्या बाजूने फुंका. गळत असेल तर आधी रबरी रिंग बघा. कस्टर्ड, केक असली गोड लिक्विडं कॉइलवर काळा थर बसवतात, माझी मिंटवाली दोन आठवडे जाते, गोडवाली पाच दिवसांत संपायची. टँक कोमट पाण्याने धुवायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा, बॅटरीचं टोक मात्र कोरड्या कापसाने, पाणी तिथे नाहीच. रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपायचं नाही. लिक्विडची बाटली वरच्या कपाटात, कारण घरात पोरगी आहे आणि ते विष आहे, वासाला मात्र गोळीसारखं गोड. हे सगळं तुम्हाला फालतू कटकट वाटेल. पण मी बघितलेले जेवढे लोक व्हेपवरून परत सिगरेटवर गेले त्यातले निम्मे या कटकटीपायी गेले, करपली, गळली, बॅटरी उतरली, आणि पाकीट तर कुठेही मिळतं.

आता ते नऊ दिवस.

फेब्रुवारी २०२३. ताईचा फोन आला, आण्णांना मिरजेला ॲडमिट केलंय, लगेच निघ. बॅग भरताना ते यंत्र हातात घेतलं आणि परत ठेवलं. भारतात २०१९ च्या सप्टेंबरमध्ये अध्यादेश आला, डिसेंबरात कायदा झाला, ई-सिगरेट बनवायची नाही, विकायची नाही, आणायची नाही. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत तुरुंग किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बाप हॉस्पिटलमध्ये असताना कस्टमच्या खोलीत बसायची माझी तयारी नव्हती. निकोटिनचे गम घेतले, दोन पाकिटं.

हॉस्पिटलमध्ये आण्णा ऑक्सिजनवर. मास्कच्या पट्ट्यांनी गालावर वळ. बोलायचं असलं की मास्क दोन बोटांनी उचलायचे, चार शब्द, परत मास्क. ताई दिवसा, मी रात्री. पहिली रात्र काढली. दुसऱ्या रात्री अडीचच्या सुमाराला नर्सने बाहेर थांबायला सांगितलं, आत काहीतरी पळापळ चालू होती, आणि मी जिन्यावरून खाली आलो, गेटबाहेर एक टपरी उघडी होती, अशा ठिकाणी रात्रभर उघडी असतेच. महाराष्ट्रात सुटी सिगरेट विकायला २०२० पासून बंदी आहे. मी एक म्हणालो, त्याने एक काढून दिली. दोरीला लायटर लटकत होता.

चार वर्षांनी पहिला झुरका कसा लागतो? डोकं गरगरलं, तोंड कडू पडलं, आणि तरी हाताला ती इतकी ओळखीची होती की मला रडू आलं. थोटूक पायाखाली चिरडलं, लगेच दुसरी मागितली. पुढच्या दिवशी पाकीटच घेतलं. पाकिटावर चित्राखाली सोडवायच्या हेल्पलाइनचा नंबर होता, १८००-११-२३५६. मी तो वाचला. खिशात गमचं पाकीट होतं, न फोडलेलं.

तिसऱ्या सकाळी आण्णांचं तोंड पुसायला वाकलो. तोंड धुतलं होतं, शर्ट बदलला होता, बडीशेप खाल्ली होती. आण्णांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघत राहिले, मग मास्क उचलला.

"यंत्र तिकडंच ठिवलंस व्हय?"

मी म्हणालो, "हो आण्णा. इथं बंदी आहे."

त्यांनी मान हलवली, मास्क खाली सोडला आणि माझा हात थोपटला. बस. रागावले नाहीत. ज्या माणसाची फुप्फुसं बिडीने खाल्ली तो मास्कआडून माझी समजूत काढत होता. ताई पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती, ती म्हणाली, "तुझी सुटली होती ना?" त्या दिवसापासून हा प्रश्न मला कुणीही विचारला तरी ताईच्या आवाजात ऐकू येतो, त्यामुळे कुणावर चिडलो असेन तर माफ करा.

नवव्या दिवशी मी परत आलो. आल्या आल्या स्वयंपाकघरातला ड्रॉवर उघडला, कोरडी पडलेली कॉइल काढली, नवी भिजवली. पंधरा दिवसांनी आण्णा गेले.

त्यानंतर वर्षभर मी सगळ्यांना सांगत होतो की त्या कायद्याने माझ्या हातात सिगरेट दिली. फॅमिली ग्रुपवर भलीमोठी पोस्ट टाकली होती, जी मारते ती टपरीवर रात्री अडीचला मिळते आणि जिच्यामुळे सुटते तिला बंदी. व्हेप सिगरेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक, पब्लिक हेल्थ इंग्लंड या इथल्या सरकारी आरोग्य संस्थेने २०१५ मध्येच सांगितलं, वगैरे वगैरे. त्यातलं काही आजही म्हणेन. सिगरेट उघड विकून व्हेपवर बंदी, यात मला न्याय दिसत नाही. पण ९५ चा आकडा आता तोंडावर फेकत नाही, तो जाणकारांनी बांधलेला अंदाज होता, तीस वर्षं व्हेप ओढलेली फुप्फुसं अजून कुणी तपासलेली नाहीत. इथले डॉक्टरही एवढंच म्हणतात, सिगरेटपेक्षा खूप कमी नुकसान, पण निरुपद्रवी नाही, आणि जो ओढत नाही त्याने, मुलांनी तर मुळीच, हात लावू नये. आणि माझ्या मित्राच्या तेरा वर्षांच्या मुलीच्या दप्तरात गुलाबी रंगाचा डिस्पोजेबल, म्हणजे वापरून फेकायचा व्हेप, सापडला तेव्हा त्या बापासमोर मला कायद्याविरुद्ध एक शब्द सुचला नाही. इथेही जून २०२५ पासून डिस्पोजेबल बंद झालेत.

आणि गम. गम खिशात होता. हे मी त्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं, ताईलाही सांगितलं नव्हतं, आज पहिल्यांदा लिहितोय. कायद्याने यंत्र काढून घेतलं हे खरं, पण गम चघळायला कुणी अडवलं नव्हतं.

वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा विमानाच्या आधी आठवडाभर निकोटिनचे पॅच लावायला सुरुवात केली होती. बारा दिवस. एकही सिगरेट नाही, त्याच टपरीसमोरून दोनदा गेलो. मग तुमचा पुढचा प्रश्न येणारच, बारा दिवस जमलं तर तिथेच कायमचं का नाही सोडलंस? बरोबर आहे. हीथ्रोला उतरल्यावर बाहेर बायको गाडी घेऊन उभी होती आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये ते यंत्र होतं, मीच ठेवायला सांगितलं होतं. म्हणजे बाराही दिवस मला माहीत होतं की ते तिथे आहे. त्या जोरावर निघाले का ते दिवस? मला सांगता येत नाही. मी सोडली त्याच सुमाराला, २०१९ मध्ये, इथल्या ८८६ लोकांवरचा एक अभ्यास छापून आला होता, वर्षानंतर व्हेपवाल्यांपैकी १८ टक्के सिगरेटपासून लांब होते, गम-पॅचवाल्यांपैकी ९.९. हा आकडा मी खूप मिरवला. त्याच अभ्यासात पुढे होतं की ज्यांची व्हेपने सुटली त्यातले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. ते मी कुणाला सांगत नव्हतो. मी त्या ८० मधला आहे.

लिक्विडमधलं निकोटिन १८ मिलीग्रॅमवरून १२ वर आणलं, १२ वरून ६ वर, आणि ६ वर दोन वर्षं अडकलोय. ३ वर गेलो की दिवसभर ते तोंडातच असतं, मग कॉइल चार दिवसांत करपते आणि मी परत ६ वर येतो. बायको म्हणते एकदम टाकून दे. मला भीती वाटते, रात्री अडीचची.

आणि जे म्हणतात, येताना माझ्यासाठी एक घेऊन ये, त्यांना नाही. आणणार नाही. सोडायचीच असेल तर तो पाकिटावरचा नंबर फिरवा, फुकट आहे, मराठीतही बोलतात. मी फिरवला नव्हता, तुम्ही फिरवा.

मे महिन्यात परत जातोय, ताईच्या मुलाचं लग्न आहे. पॅच आणून ठेवलेत. ताईला गमचं तोंडाने सांगायचंय, हे वाचायच्या आधी. आत्ता समोर टेबलावर टँक भरून ठेवलाय, कॉइल आजच बदलली, सहा मिनिटं झालीत, अजून चार आहेत.